कुसुमबाईचं बाळंतपण

आमच्या घरात माणसाचा इतिहास माकडापासून सुरू व्हायचा, आणि बाबांना त्याचा फार अभिमान होता. बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेनं निकामी म्हणून टाकून दिलेला एक जुना तक्ता त्यांनी घरी आणून ओसरीच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला होता. त्यात डावीकडून उजवीकडे काही आकृत्या चालत गेलेल्या होत्या. पहिली चार पायांवर, मग एक ओणवी, मग एक अर्धवट उठलेली, आणि शेवटी भाला घेतलेला, ताठ उभा माणूस. खालचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता, त्यामुळे त्या शेवटच्या माणसाला घोट्याखाली पाय नव्हते. घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या दिल्यावर बाबा त्याला आधी त्या तक्त्यापुढे उभं करत. "पाहा," म्हणत, "कोणी तोंडातून नाही निघाला अन् कोणी पायातून नाही निघाला. सारे इथून निघाले. पाटील बी इथूनच, मी बी इथूनच."

बाबांच्या तरुणपणी आमच्या मोहल्ल्यानं धम्म घेतला होता. त्याआधी आपण कुणाच्या कुठल्या अवयवातून जन्मलो आणि म्हणून कुठं बसायचं, हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं होतं. धम्मानं ते नाकारलं, आणि या तक्त्यानं ते नाकारायला बाबांच्या हाती एक चित्र दिलं. मी कॉलेजात गेल्यावर त्यांना सांगितलं, "बाबा, माकडापासून नाही. माकडाचा अन् आपला आजा एक होता." बाबांनी क्षणभर विचार केला आणि खूश होऊन म्हणाले, "मंग त बेसच झालं. नातं आखीन वाढलं."

आता मुलाखतींत विचारतात, माणसाच्या उत्क्रांतीवर लिहायची गोडी तुम्हाला कुठं लागली? विचारणाऱ्याला एखादं संग्रहालय हवं असतं, काचेच्या पेटीतली कवटी हवी असते. मी त्यांना लाखांदूरकडच्या आमच्या गावची ओसरी सांगते, ते मान डोलावतात, आणि छापताना संग्रहालयच छापतात. म्हणून हे एकदा माझ्या हातानं लिहून ठेवते.

घर म्हणजे कवेलूंच्या छपराची दीड खोली आणि ती ओसरी. पहाटे मायचं मुसळ सुरू व्हायचं. भात गिरणीतून सडून आणायची सोय झाली होती, तरी घरापुरते तांदूळ ती उखळातच सडायची. त्या धपधपीला लागूनच बाबांची खाकरण्याची आणि मग रेडिओची घरघर. रेडिओला बातम्यांपेक्षा खरखर जास्त यायची, पण बाबा ती खरखरही लक्ष देऊन ऐकत. सकाळी पेज, त्यात मीठ, तोंडी लावायला जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, कधी रानातली काटवलं, आणि बाजाराच्या दिवशी मूठभर सुके झिंगे. झिंगे तव्यावर पडले की वास सगळ्या मोहल्ल्यात जायचा, आणि शेजारची मोठी माय भिंतीपलीकडून विचारायची, "काय वो, आज पगार झाला का गुरुजीचा?"

मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, सगुणाबाई. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. सुईणपण ती तिच्या सासूकडून शिकली होती, आणि गावातल्या बहुतेक घरांतली पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती, आमच्या मोहल्ल्यातली आणि वरच्या मोहल्ल्यातलीही. वरच्या मोहल्ल्यात बाळंतपण झालं की तिला मागच्या दारानं नेत, मागच्या दारानं पाठवत, आणि ती गेल्यावर घरात पाणी शिंपडत. धम्म घेतल्यावर बाबांनी तिला म्हटलं होतं, "वहिनी, आता त्यांच्या घरी नका जाऊ." तिनं ऐकून घेतलं, पण बोलावणं आलं की ती जायचीच. "बाई अडली आहे म्हणते तर मी घरी बसून काय करू?" एवढंच तिचं उत्तर. या एका गोष्टीवरून दीर-भावजयीत अनेक वर्षं अबोला होता. बोलायचं झालंच तर दोघंही मला मधे घालून बोलत.

त्या पावसाळ्यात मी नागपूरहून घरी आले होते. बी. एस्सी.ला होते, वसतिगृहात कावीळ झाली आणि डॉक्टरनं महिनाभर घरी जा म्हटलं. कुसुमबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कुसुम माझी थोरली बहीण. तिला चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला असलेल्या रमेश भाटव्यांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, दिली होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली. माय भाताच्या रोवणीला जायची तेव्हा घरात कुणीतरी हवं होतं आणि मी लहान होते. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी विनयानं म्हणत नाही. पाढे, कविता, गावातल्या भांडणांची मुळं, सगळं तिला पाठ. जीभ इतकी तिखट की वरच्या मोहल्ल्यातले पोरगेही तिच्या वाटेला जात नसत.

आम्ही दोघी दिवसभर ओसरीवर. मी पिवळ्या डोळ्यांची, ती जड पोटाची. माय आम्हा दोघींनाही एकच मऊ भात वाढायची आणि कुसुम म्हणायची, "निमीच्या पोटात काही नाही, तिले कायले माह्या वाट्याचं पथ्य?" वेळ जावा म्हणून मी तिला माझं प्राणिशास्त्राचं पुस्तक दाखवायची. इंग्रजीतून वाचायचं आणि मराठीतून सांगायचं. पुस्तकात एका पानावर चिंपांझीचं कमरेचं हाड आणि माणसाचं कमरेचं हाड शेजारी शेजारी काढलेलं होतं. कुसुमनं ते पान खूप वेळ पाहिलं, मग स्वतःच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून चाचपलं. "असं आहे होय आतमधी," म्हणाली. "मले वाटे, मोठं असन."

रोवणी ऐन भरात होती. पाऊस चार दिवस लागून होता. भाताच्या बांध्यांमध्ये पाणी, बायांच्या डोक्यावर खताच्या पोत्यांच्या घोंगश्या, पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या इकडून तिकडे फेकल्या जात होत्या, आणि त्यांची गाणी वाऱ्याबरोबर कधी आमच्या ओसरीपर्यंत येत, कधी तुटत. त्या सकाळी माय देवाजीच्या शेतात रोवणीला गेली होती. देवाजी वरच्या मोहल्ल्यातला कुणबी शेतकरी, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्याची बांधी. बाबा शाळेत. कुसुम भाजी निवडत होती. एकाएकी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "निमे, मोठ्या मायले बोलाव. अन् घाबरू नको."

मोठी माय आली, तिनं मला पाणी तापवायला लावलं, कुसुमला आतल्या खोलीत नेलं. माय शेतातून धावत आली, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. तिच्यामागून आणखी दोघी, मग चौघी. कुणी कुसुमची पाठ चोळत होती, कुणी तिला खांबाला धरून उभी करत होती. सुरुवातीला आत हसण्याचेही आवाज होते, कारण कळ ओसरली की कुसुम काहीतरी बोलायचीच. दुपार व्हायला आली तसं हसणं थांबलं. मग बायांचं बोलणंही थांबलं. मी चुलीजवळ बसून पाणी तापवत होते, ते निवत होतं, मी पुन्हा तापवत होते.

मोठी माय बाहेर आली तेव्हा तिनं पदरानं हात पुसले आणि शाळेतून येऊन ओसरीवर उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. किती वर्षांनी ती थेट त्यांच्याशी बोलली. "भाऊजी, डोकं अडलं आहे. पोर जित्तं आहे, पण त्याले वाट भेटून नाही राहिली. हे माह्या हातचं नाही आता. लाखांदूरले न्या. दवाखान्यात."

लाखांदूरची एस. टी. सकाळपासून आलीच नव्हती. मधल्या नाल्याला पूर होता. बैलगाडी चिखलात रुतली असती. बाबा, जे कुठल्याही विषयावर घटकाभर बोलू शकत, नुसते पावसाकडे पाहत उभे राहिले. मी त्यांना आधी कधी असं पाहिलं नव्हतं. मायनं कपाळावर हात मारून घेतला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

हे सगळं शेतात कळलं, कारण बायका शेतातूनच आल्या होत्या. थोड्याच वेळात देवाजी स्वतः आला, मागे त्याची दोन पोरं, आणि पोरांच्या खांद्यावर त्यांच्या घरची बाज. देवाजी आमच्या अंगणाच्या कडेला थांबला. त्याच्या घरी आमच्यासाठी वेगळी कपबशी असे, गोठ्याच्या फळीवर ठेवलेली. तो आमच्या अंगणात याआधी आलेला मला आठवत नाही. "गुरुजी," तो म्हणाला, "विचार करत काहून उभे आहा? बाज आणली. धुऱ्याधुऱ्यानं नेऊ, चाला."

मोठ्या मायनंच त्याच्या त्या दोन्ही पोरांना जन्मताना हातात घेतलं होतं. तिनं बाजेवर गोधडी अंथरली, कुसुमला आडवी केली, वर प्लॅस्टिकचं मेणकापड धरायला मला सांगितलं. चार पायांना चार माणसं लागली: देवाजीची दोन पोरं, आमच्या मोहल्ल्यातला एक, आणि बाबा. बाबांची उंची कमी, त्यामुळे बाज एका बाजूला कलायची. थोडं अंतर गेल्यावर रोवणीतला एक माणूस पुढं आला आणि त्यानं बाबांच्या खांद्यावरून बाजेचा पाय काढून घेतला. बाबा मागे पडले आणि हातात वहाणा घेऊन चालू लागले. मागून बायकांची रांग. देवाजीची रोवणी अर्ध्यावर पडली होती, पऱ्ह्यांच्या पेंढ्या पाण्यात तरंगत होत्या.

मी बाजेच्या बाजूनं मेणकापड धरून चालत होते. धुरे म्हणजे शेतांमधले बांध, अरुंद, निसरडे, माझा एक पाय सतत बांधीत. कळ आली की कुसुम माझं मनगट धरायची, इतकं घट्ट की तिथं नंतर कित्येक दिवस काळंनिळं होतं. कळ ओसरल्यावर तिनं डोळे उघडले.

"निमे, बोल न काही."

"काय बोलू?"

"काही बी बोल. ते माकडाचं सांग. काल अर्धंच राहिलं."

मी सांगू लागले. पुस्तकातली भाषा कुठल्या कुठं गेली. सांगितलं, की फार फार आधी, मोजता येणार नाही इतक्या आधी, आपल्यासारखेच पण आपण नसलेले काही जीव होते. ते दोन पायांवर उभे राहून चालू लागले. चालायला सोपं व्हावं म्हणून त्यांच्या कमरेची हाडं बदलली, वाट अरुंद झाली. हे पुस्तकाच्या एका पानावर होतं. मग बऱ्याच पानांनंतर दुसरं होतं, की पुढं त्यांचा मेंदू वाढत गेला, डोकं मोठं होत गेलं. मी परीक्षेला दोन्ही वेगवेगळे प्रश्न म्हणून पाठ केले होते. त्या धुऱ्यावर, पावसात, ती दोन वाक्यं मी पहिल्यांदाच एकापाठोपाठ बोलले, आणि बोलता बोलता थांबले.

कुसुमला सगळं ऐकू आलं होतं. तिनं मान माझ्याकडे वळवली. "म्हणजे वाट लहान झाली," ती धापा टाकत म्हणाली, "अन् डोस्कं मोठं झालं."

"हो."

"मंग कायले उभे झाले बाप्पा!"

बाजेचा पुढचा पाय धरलेला देवाजीचा धाकटा पोरगा हसला. हसता हसता त्याचा पाय घसरला आणि सगळी बाज हेलकावली, मागून मोठी माय ओरडली. कुसुम हसत होती की विव्हळत होती, मला कळलं नाही. पुन्हा एक कळ येऊन गेली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्या पयल्या बाईजवळ कोण होतं वो, निमे? जिले पयल्यांदा असं झालं?"

"माहीत नाही, कुसुमबाई. पुस्तकात नाही लिहिलं."

"कोणी त असन," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

नाल्याला पाणी कमरेच्या वर होतं, लाल, ओढ असलेलं. माणसांनी बाज डोक्यावर घेतली. खालच्या अंगाला बायकांनी एकमेकींचे हात धरून साखळी केली, कुणी घसरलं तर अडवायला. त्यात माय होती, देवाजीची सून होती, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती अशा शेजारच्या गावच्या रोवणीवाल्या होत्या. मला एका बाईनं काखेत धरून नेलं. मधोमध पोचल्यावर पाण्याचा एक लोंढा आला आणि बाज थांबली. माणसांनी पाय रोवून धरले. लोंढा गेला. मग मोठी माय म्हणाली, "चाला," आणि बाज पुन्हा पुढं निघाली.

लाखांदूरच्या दवाखान्यात एकच डॉक्टर होता, नवा, मिसरूड नुकतंच फुटल्यासारखा, आणि एक नर्स. त्यानं कुसुमला तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. भंडाऱ्याला नेणं शक्य नाही हे त्यालाही दिसत होतं. तो बाहेर आला, व्हरांड्यात चिखलानं माखलेल्या बायकांची ती गर्दी पाहून म्हणाला, "एवढ्या जणी कशाला? घरचे कोण ते थांबा, बाकीच्या जा." कुणी जागची उठली नाही. तो पुन्हा आत गेला. थोड्या वेळानं दार उघडून त्यानं विचारलं, "सुईण कोण आहे तुमच्यात?"

मोठी माय उभी राहिली. तिला वाटलं असावं, आता रागावणार. तोपर्यंत दवाखान्यातले लोक सुईणींना रागावतच असत.

"आत या. मला चिमटा लावावा लागेल. हिला धरायला आणि हिच्याशी बोलायला माणूस हवं. मी..." तो थांबला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी हे एकट्यानं कधी केलेलं नाही."

"मीनं बी नाही केलं," मोठी माय म्हणाली. "चाला."

दार बंद झालं. आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. पाऊस कवेलूंवरून सरळ धारांनी पडत होता. बाबा भिंतीशी उकिडवे बसले होते, शेजारी देवाजी. देवाजीनं बिडी काढली, ती भिजलेली होती, त्यानं ती तशीच तोंडात धरली. मला आतून डॉक्टरचा आवाज ऐकू येत नव्हता, मोठ्या मायचाच येत होता, एकसुरी, थांबत थांबत: "माह्याकडे पाय. माह्याकडेच पाय, बाई. झालं. आता झालं." मग कुसुमची एक किंकाळी. मग काहीच नाही. माय उठून दाराशी गेली आणि तिनं कपाळ दाराला टेकवलं. ते काहीच नसणं किती वेळ होतं, मला सांगता येणार नाही. त्यानंतर एक बारीक, चिडका, फाटलेला आवाज आला. व्हरांड्यातल्या सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या.

मुलगी होती. चिमट्यामुळे कपाळाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते आणि डोकं लांबट झालं होतं. कुसुमचं रक्त खूप गेलं होतं. पुढचे काही दिवस ती जगते की नाही अशीच होती. मोठी माय तिच्या खाटेजवळून हलली नाही. डॉक्टर दर थोड्या वेळानं यायचा, नाडी पाहायचा, आणि मोठ्या मायकडे पाहायचा. ती मान हलवायची. भाटवे चिखल्याहून पोचले तेव्हा नाला उतरला होता. नखांत खाणीची काळी पूड तशीच, त्यांनी लेकीला हात लावायच्या आधी ते हात दवाखान्याच्या नळावर धुतले, पुन्हा धुतले. नंतर कुसुमला मूल झालं नाही. पण ती वाचली.

एक गोष्ट सांगायला हवी. देवाजीच्या गोठ्याच्या फळीवरची ती कपबशी त्यानंतरही अनेक वर्षं तिथंच होती. देवाजी आमच्या अंगणात येऊ लागला, बसू लागला, आमच्याकडचं पाणीही पिऊ लागला, पण ती फळी काही त्यानं रिकामी केली नाही. माणसं एका दिवसात बदलत नाहीत. बदललं ते आमच्या भिंतीअलीकडे आणि पलीकडे. बाबा मोठ्या मायला पुन्हा "वहिनी" म्हणून हाक मारू लागले, आणि वरच्या मोहल्ल्यातून बोलावणं आलं की आता बाबाच तिला विचारत, "छत्री घेतली का?"

नागपूरला परत गेले तेव्हा कुसुमचा प्रश्न माझ्याबरोबर होता. आमच्या प्राध्यापकांना विचारला. ते जरा संकोचले, म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसू लागले. इंग्रजी माझं बेताचं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची. वाचता वाचता कळत गेलं की प्रश्न एकट्या कुसुमचा नव्हता. त्यावर जगभर शहाणी माणसं डोकं खाजवत होती. माणसाचं मूल वाटेत वळतं, आणि बहुतेक वेळा आईकडे पाठ करून बाहेर येतं. त्यामुळे तिला स्वतःला ते नीट ओढून घेता येत नाही. कुणीतरी समोर लागतं. आपण बोलू लागायच्या कितीतरी आधी, शेती आणि देव यांच्याही कितीतरी आधी, अडलेल्या बाईजवळ दुसरी बाई जाऊन बसली असणार. तेव्हा मला तो व्हरांडा दिसला.

मी लेख लिहायला बसले तेव्हा हाताशी शब्दच नव्हते. मराठी पुस्तकांतले शब्द संस्कृतातून उचललेले, कोरडे, आणि गावातले शब्द छापायला माझी लाज आड यायची. तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी ठरवलं, की मी धुऱ्यावरून चालते आहे आणि बाजेवरची बाई ऐकते आहे असं समजून लिहायचं. तिला कळेल तेच ठेवायचं. आजवर माझ्या लिहिण्याला मी दुसरी कुठलीही पद्धत लावलेली नाही. तो लेख आता वाचला तर त्यातली बरीच विधानं मी तशी करणार नाही. हाडांचं आणि डोक्याचं ते गणित तेव्हा वाटलं तेवढं सरळ नाही. त्यात आईच्या शरीराला किती पोसता येतं हेही आलं, तिनं काय खाल्लं हेही आलं, आणि चिंपांझींच्या बाळंतपणाबद्दल आपण जे गृहीत धरलं होतं तेही पुरतं खरं नव्हतं. मला ते आवडतं. एकाच कारणावर उभं असलेलं उत्तर मिळालं की मी आता थोडी सावध होते.

नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. दिवाळीच्या सुटीत मी तो अंक घेऊन गावी गेले. कुसुम अजून माहेरीच होती, हडकुळी झालेली, पण जीभ परत आलेली. लेक मांडीवर, डोकं आता गोल. दुपारी ओसरीवर सगळे जमले: माय, मोठी माय, भाटवे, मोहल्ल्यातल्या बाया, आणि कडेला देवाजी. बाबांनी चष्मा पुसला, अंक दोन्ही हातांनी धरला आणि शाळेत धडा वाचतात तसं उभं राहून वाचू लागले.

"भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक स्त्री प्रसूतीच्या वेळी अडली..."

"थांबा बाबा," कुसुम म्हणाली. "एक स्त्री म्हणजे कोण?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू."

"मंग तसं काहून नाही लिहिलं?"

मी म्हटलं, "कुसुमबाई, असं नाव नाही टाकत. ते खाजगी असते. अन् शास्त्राच्या लेखात..."

"कायचं खाजगी? नाल्यावर सारं गाव होतं." तिनं लेकीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "मीनं सोसलं. मले नाव नाही का? वरती तुह्यं नाव छापलं आहे पाय, ठळक. अन् मी म्हणजे एक स्त्री." तिच्या आवाजात हसू होतं, पण नुसतं हसू नव्हतं. सातवीनंतर तिचं नाव कुठल्याच कागदावर आलं नव्हतं.

 बाबांनी अंक पुन्हा सरळ केला, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात कुसुम प्रसूतीच्या वेळी अडली."

"हां," कुसुम म्हणाली.

बाबा वाचत राहिले. जिथं जिथं "ती स्त्री" होतं तिथं तिथं ते "कुसुम" म्हणत गेले. कुसुमला बाजेवर घालून नेलं. कुसुमनं बहिणीला प्रश्न विचारला. त्यांना लय सापडली, आवाज चढला. मग लेखात धुरा संपला आणि लाखो वर्षांपूर्वीची गवताळ मैदानं सुरू झाली. मला वाटलं, आता ते थांबतील. पण बाबा वाचण्याच्या ओघात होते, आणि तिथंही स्त्रीच होती.

"लाखो वर्षांपूर्वी," ते वाचू लागले, "कुसुम दोन पायांवर उभी राहिली आणि चालू लागली. पुढं तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा कुसुम एकटी नव्हती."

मोठ्या मायनं मान हलवली. माय डोळे पुसत होती. चूक सगळ्यांच्या लक्षात आली होती, पण बाबांना कुणी थांबवलं नाही. मीही नाही.